आधी मळ ओळखा, मग डबा उघडा: घरातल्याच वस्तूंनी साफसफाई

स्वतःचं घर थाटलं त्या पहिल्याच आठवड्यात मी ॲल्युमिनियमचं एक पातेलं काळं करून ठेवलं. तळ करपला होता. सोड्याने करपलेलं निघतं, एवढं कुठेतरी कानावर पडलेलं. घसघशीत सोडा घातला, पाणी ओतलं, उकळायला ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. परत येऊन बघतो तर करपलेलं सुटलंय, पण आतून सगळं पातेलं काळपट राखाडी. घासून घासून मनगट दुखलं, फरक शून्य. दोनेक वर्षांनी कळलं की त्यात लिंबाचं पाणी उकळलं असतं तर तो काळेपणा बराचसा उतरला असता.

उपाय खोटा नव्हता, पातेलं चुकलं होतं. स्टीलच्या पातेल्याला तोच सोडा फार चांगला. घरगुती युक्त्यांचं बहुतेक वेळा असंच होतं. म्हणून पहिल्यांदाच घर सांभाळायला घेतलेल्यांना मी युक्त्या आधी सांगत नाही. आधी दोन प्रश्न विचारायला लावतो: मळ कशाचा आहे? आणि तो कशावर बसलाय? या दोन्हींची उत्तरं मिळाली की कोणता डबा उघडायचा ते आपोआप कळतं.

मळाची जात

धूळ सोडली तर घरातला मळ साधारण चार जातींचा. ओशट मळ, म्हणजे तेल, तूप, हातांचा घाम, स्विचच्या बटणांभोवतीचा काळा राप. क्षारांचा मळ, म्हणजे नळावर, बादलीच्या कडेला, किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर. रंगाचे डाग: चहा, कॉफी, हळद, शाई. आणि प्रथिनांचे डाग: रक्त, दूध, अंडं.

ओळखायला बोट पुरतं. बोट फिरवल्यावर चिकट लागलं तर ओशट. खरखरीत लागलं तर बहुधा क्षार, आणि त्याची खात्री करायची एक सोपी खूण आहे. त्या जागेवर पाण्याचा हात फिरवा. डाग ओला असताना दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा उमटला, तर तो क्षारच. साबणाने शंभर वेळा धुतला तरी हटणार नाही.

मग औषध ठरतं. क्षाराला आंबट लागतं: लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व. ओशटाला साबण, गरम पाणी आणि फार जुनं असेल तर सोडा. रंगाच्या डागाला रंग मारणारं काहीतरी, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा साधं ऊन. प्रथिनाला थंड पाणी, आणि तेही लगेच.

एक घोटाळा मात्र लक्षात ठेवा. बाथरूमच्या टाइल्सवर आणि काचेच्या दारावर जो धुरकट थर बसतो, तो निव्वळ क्षार नसतो. अंगाचा साबण आणि जड पाण्यातलं कॅल्शियम यांची मिळून झालेली ती साय असते. नुसतं व्हिनेगर किंवा नुसता साबण वापरून लोक वैतागतात ते इथेच. आधी कोमट व्हिनेगर फवारून पंधरा मिनिटं थांबा, पुसा, आणि मग भांड्यांच्या द्रव साबणाने घासा. पाळीपाळीने दोन्ही लागतात.

वेळ हेही एक रसायन

धुण्याच्या रसायनांवर काम करणारे जर्मन तंत्रज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली एक साधी मांडणी केली. सफाई चार गोष्टींनी होते: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केलीत तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. व्यावसायिक सफाईच्या प्रशिक्षणात ही मांडणी अजूनही शिकवतात, ‘सिनरचं वर्तुळ’ या नावाने.

घरातल्या वस्तू बाजारातल्या जहाल द्रावणांपेक्षा सौम्य असतात. रसायनाची बाजू लंगडी, मग भरपाई कुठून? माझ्या मते वेळेतून. नवशिके लोक फवारतात आणि लगेच पुसतात, मग म्हणतात की घरगुती उपायांत काही दम नाही. फवारा, दुसरं काम उरका, वीस मिनिटांनी या. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कपाटात काय हवं

व्हिनेगरची बाटली, पांढरं, साधं, साधारण ४ ते ५ टक्के आम्ल असलेलं. लिंबूसत्वाची पूड. माझी पसंती हिलाच, कारण वास येत नाही आणि हवं तेवढं तीव्र द्रावण करता येतं. खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा. या दोघांची गल्लत करू नका. खाण्याच्या सोड्याचा पीएच साधारण ८.३, म्हणजे अगदी सौम्य. धुण्याचा सोडा ११ च्या घरात जातो, कातडी कोरडी पाडतो, त्याला हातमोजे लागतात. त्याशिवाय भांड्यांचा द्रव साबण, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, जाडं मीठ, दोन जुने टूथब्रश, फाटक्या टॉवेलचे तुकडे, एक फवारणीची बाटली. झालं.

फवारणीच्या बाटलीवर आत काय आहे ते पेनाने लिहून चिकटवा. पारदर्शक बाटलीत पारदर्शक पाणी भरून ठेवलं की महिन्याभरात आपल्यालाही आठवत नाही.

फेसाचा फसवा तमाशा

सोड्यावर व्हिनेगर ओतलं की सूंऽऽ करून फेस येतो. बघायला मजा येते, काहीतरी जबरदस्त चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारत असतात. आम्ल आणि अल्कली भेटले, कार्बन डायऑक्साइड उडून गेला, मागे उरलं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ. त्याने ना तेल निघतं, ना क्षार. ५ टक्क्यांचं १०० मिलीलिटर व्हिनेगर पार निकामी करायला अवघा ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दीड छोटा चमचा.

त्या बुडबुड्यांचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. फटीत अडकलेला सैल कचरा वर येतो. पण दोन्ही एकत्र करून बाटलीत भरून ठेवणं म्हणजे महागाचं पाणी भरून ठेवणं. आणि झाकण घट्ट लावलंत तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. हवं तर एकामागून एक वापरा: आधी सोड्याने घासा, धुवा, मग व्हिनेगर.

हे कधीच एकत्र करू नका

इथे गंमत संपते. ब्लीच आणि कुठलंही आम्ल (व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्व, कमोड साफ करायचं ॲसिड) एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जो वायू सोडला होता, तोच. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतं, तेही फुप्फुसांना घातक. काही काच-सफाईच्या द्रावणांत अमोनिया असतो, त्यामुळे लेबल वाचा. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका बाटलीत घालू नका. डोळे आणि घसा जाळणारं पेरॲसिटिक आम्ल बनतं.

मुद्दाम कोणी असं करत नाही. होतं असं, की कमोडमध्ये काल ब्लीच ओतलेलं असतं आणि आज कोणीतरी त्यावर व्हिनेगर ओततं. म्हणून बाथरूममध्ये काहीही नवीन ओतण्याआधी भरपूर पाणी सोडा, खिडकी उघडा. डोळे चुरचुरले, खोकला आला तर पुसत बसू नका, बाहेर या.

पांढरे डाग: नळ, शॉवर, किटली

पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम पाणी तापलं किंवा वाळलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन मागे राहतं. खडू, अंड्याचं कवच आणि संगमरवर हेही मुख्यतः तेच. आता यातून दोन गोष्टी निघतात. लिंबू नळावरचा डाग खातं ते यामुळे, आणि संगमरवराचा ओटाही खातं तोही याच कारणाने. संगमरवरावर लिंबाचा थेंब पडून जो फिकट ठिपका उठतो, तो डाग नसतोच. तिथली झिलई गेलेली असते. पुसून जाणार कशी? संगमरवर, चुनखडीचा दगड, सिमेंटच्या फरश्या यांच्या जवळपासही आंबट नेऊ नका. तिथे कोमट पाण्यात द्रव साबणाचे दोन थेंब पुरे.

शॉवरची भोकं बुजली असतील तर असं करा:

१. प्लास्टिकच्या पिशवीत शॉवरचं तोंड बुडेल इतकं व्हिनेगर घ्या.
२. पिशवी शॉवरवर चढवून रबर बँडने घट्ट बांधा. तोंड पूर्ण बुडलं पाहिजे.
३. तासभर ठेवा. मुलामा दिलेला किंवा सोनेरी-तांबूस छटेचा शॉवर असेल तर वीस मिनिटांतच काढा. रात्रभर ठेवलं तर मुलामा डागळतो.
४. पिशवी काढा, टूथब्रशने तोंड घासा, गरम पाणी जोरात सोडा.
५. एखादं भोक तरीही बंद असेल तर सुई किंवा टूथपिक घाला.

नळाला पिशवी बांधता येत नाही. तिथे फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाच्या मानेला मफलरसारखं गुंडाळा. नळ ओट्याला जिथे जोडलाय ती कड सगळ्यात हट्टी असते. तिथे टिश्यू पेपरची भिजवलेली दोरी वळून ठेवायची, अर्धा तास. कमोडच्या आतल्या कडेलाही हीच कागदाची युक्ती: व्हिनेगर उभ्या भिंतीवर टिकत नाही, कागद त्याला धरून ठेवतो.

किटलीसाठी लिटरभर पाणी गरम करा, बटण बंद करा, मग एक मोठा चमचा लिंबूसत्व घाला. आत बारीक बुडबुडे सुरू होतात आणि तळाचे पापुद्रे सुटून तरंगायला लागतात. पाणी उकळत ठेवायची गरज नाही. अर्ध्या तासाने ओता, विसळा, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. ‘फेस संपला म्हणजे क्षार संपला’ असं मात्र समजू नका; कधी कधी आम्लच संपलेलं असतं. थर उरला असेल तर नव्या पाण्यात पुन्हा.

स्वयंपाकघरातला ओशटपणा

कपाटाच्या माथ्यावर बोट ओढून बघा. धूळ आणि तेल मिळून जो गोंदासारखा थर झालेला असतो, तो साध्या ओल्या फडक्याने फक्त इकडचा तिकडे जातो. जुनं तेल हवा खाऊन घट्ट होतं, रंगासारखं चिकटतं.

तिथे मी आधी स्वयंपाकाचंच तेल लावतो. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण तेल तेलाला मऊ करतं. कागदावर थोडं तेल घेऊन चोळा, दहा मिनिटं थांबा, राप सुटायला लागला की कागदाने टिपून घ्या. मग द्रव साबण न पातळ करता लावा, वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं अंथरा, पुन्हा दहा मिनिटं, आणि पुसून घ्या. स्टिकर काढल्यावर बरणीवर जो चिकटा राहतो, तोही याच रीतीने जातो. साफ झालेल्या माथ्यावर जुना कागद अंथरून ठेवा. पुढच्या वेळी फक्त कागद बदलायचा.

धूर ओढणाऱ्या पंख्याच्या किंवा चिमणीच्या जाळीला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा हा नामी उपाय, पण जाळी पोलादाची असेल तरच. चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम आहे असं धरून चाला आणि सोडा बाजूला ठेवा, नाहीतर माझ्या पातेल्याची गत व्हायची. अशा जाळीला कडक पाणी आणि द्रव साबण, अर्धा तास बुडवून, मग ब्रश. आणि बसवण्यापूर्वी पूर्ण वाळवा.

मायक्रोवेव्हच्या आत उडालेले शिंतोडे खरवडू नका. काचेच्या वाडग्यात दोन कप पाणी, लिंबाच्या दोन-चार फोडी आणि एक लाकडी काडी किंवा चमचा टाका. काडी विसरायची नाही. मायक्रोवेव्हमध्ये शांत दिसणारं पाणी उकळबिंदूच्या वर गेलेलं असू शकतं आणि हात लागताच भसकन उसळतं. काडीमुळे बुडबुड्यांना धरायला जागा मिळते. तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा आणि पाच मिनिटं दार उघडू नका. आतली वाफ शिंतोडे मऊ करते. मग फडक्याच्या एका फिरकीत सगळं येतं. लिंबू खरं तर वासापुरतं. काम वाफ करते.

करपलेलं स्टीलचं पातेलं: दोन बोटं पाणी, दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, दहा मिनिटं मंद उकळी, मग निवू द्या. निवल्यावर लाकडी उलथन्याने ढकला, पापुद्रे निघतात. न चिकटणाऱ्या लेपाच्या भांड्याला तारेची घासणी नको, कोमट साबणाच्या पाण्यात भिजत ठेवणं एवढंच. बिडाच्या भांड्याला आंबट नको. जाडं मीठ आणि थोडं तेल घेऊन कागदाने चोळा, पुसा.

निमुळत्या तोंडाच्या बाटलीत घासणी जात नाही. मूठभर कच्चे तांदूळ, थोडं कोमट पाणी, साबणाचा एक थेंब घाला आणि गरगर हलवा. तांदळाचे दाणे आतून घासतात, पण काचेला चरा पाडत नाहीत.

कपड्यांवरचे डाग

डाग पडला की हात आपोआप चोळायला जातो. आवरा. चोळल्याने डाग पसरतो आणि धाग्यात खोल जातो. कोरड्या फडक्याने टिपा, कडेकडून मध्याकडे. मग कपडा उलटा करून मागच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जाईल. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही, गरम ड्रायर नाही. काहीही लावण्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून रंग जातो का ते बघा. आणि रेशीम-लोकरीवर सोडा वापरू नका, त्याने धागाच खराब होतो.

तेलाच्या डागावर पाणी घालायच्या आधी टाल्कम पावडर, मक्याचं पीठ किंवा खडूचा चुरा दाबा. अर्ध्या तासात तेल त्यात शोषलं जातं, पीठ ओलसर दिसायला लागतं. झटका, मग द्रव साबणाचा थेंब बोटाने जिरवा, कोमट पाण्याने धुवा.

रक्ताला थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजतं आणि धाग्याला चिकटून बसतं, अंडं तव्याला बसतं तसंच. थंड पाण्यात थोडं मीठ घालून भिजवा. पांढऱ्या सुती कपड्यावर राहिलेल्या खुणेला ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड. लगेच फेस येतो, कारण रक्तातलं कॅटालेज नावाचं विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. टिपा, पुन्हा लावा. रंगीत कपड्यावर पेरॉक्साइड जपून, रंग उडतो.

हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो आणि लोक घाबरतात. घाबरू नका. हळदीतला करक्युमिन हा रंग अल्कलीत लाल होतो, साबण धुऊन काढला की परत पिवळा. तो उन्हात मात्र टिकत नाही. साबणाने धुऊन ओला कपडा भर उन्हात टाका, संध्याकाळी बघा. एका दिवसात नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या डब्यांनाही हेच.

बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. खाली जुना टॉवेल, वर कपडा, डागावर सॅनिटायझर, आणि टिपत राहा. शाई खालच्या टॉवेलवर उतरत जाते, टॉवेलची जागा बदलत राहा. मेण किंवा च्युइंगगम असेल तर बर्फाने कडक करून तोडून काढा. मेणाचा उरलेला तेलकट डाग कागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा, कागद तो पिऊन टाकतो.

चांदी: मला सगळ्यात आवडणारी युक्ती

चांदी काळी पडते ती मळामुळे नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी जुळून तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर धरतो. पॉलिशने घासताना आपण तो थर, म्हणजे त्यातली चांदीसुद्धा, पुसून टाकत असतो. खालची युक्ती गंधक काढून घेते आणि चांदी जागेवर ठेवते.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा. कोणती बाजू वर, याने फरक पडत नाही. फॉइलवर चांदीच्या वस्तू ठेवा, प्रत्येक वस्तू फॉइलला टेकली पाहिजे; टेकली नाही तर काही होत नाही. वर तीन-चार मोठे चमचे खाण्याचा सोडा, चमचाभर मीठ, आणि लिटरभर नुकतंच उकळलेलं पाणी हळू ओता. काही क्षणांत सडक्या अंड्यासारखा वास येतो. खिडकी उघडी ठेवा, पण वास आला म्हणजे काम चाललंय. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे निघालंय. चांदीवरचा काळा रंग तपकिरी, मग पिवळट, मग नाहीसा होताना डोळ्यांनी दिसतो. पाच-दहा मिनिटांनी चिमट्याने काढा, धुवा, मऊ फडक्याने लगेच कोरडी करा. फॉइल काळवंडलेली दिसेल.

मोती, खडे, गोंदाने चिकटवलेले भाग असतील तर हे करू नका. नक्षी उठून दिसावी म्हणून कारागिराने मुद्दाम काळी ठेवलेली चांदीही नको, सगळी एकसारखी पांढरी होऊन नक्षी हरवते.

तांबं-पितळेला ही युक्ती लागत नाही. लिंबाची अर्धी फोड मिठात बुडवून चोळा, धुवा, आणि लगेच कोरडं करा. ओलं ठेवलं तर तासाभरात पुन्हा डागतं. वर लॅकरचा लेप असलेल्या शोभेच्या वस्तू फक्त पुसायच्या.

काच, पंखा, केस

खिडकीची काच भर उन्हात पुसू नका, पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि ओघळ राहतात. आतून आडवे हात मारा, बाहेरून उभे. मग एखादी रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूला आहे ते रेघेच्या दिशेवरून कळतं, आत-बाहेर येरझाऱ्या वाचतात. आरशावर थेट फवारू नका, फडक्यावर फवारा. पाणी कडेने मागे उतरलं की आरशाच्या कडा काळ्या पडतात.

छताच्या पंख्याच्या पात्यात जुना उशीचा अभ्रा घाला, वरून हाताने दाबा आणि बाहेर ओढा. धूळ अभ्र्याच्या आत. पंखा बंद आहे ना, हे आधी बघा, आणि शिडी कोणीतरी धरलेली बरी. खोलीत कुठलंही काम वरून खाली करा आणि कोरडं आधी, ओलं नंतर. धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो.

गालिच्यात, सोफ्यावर अडकलेल्या केसांना रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवा, केसांची वळकटी होऊन येते. काच फुटली तर मोठे तुकडे उचलल्यावर खोलीत अंधार करा आणि टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाका, बारीक कणही चमकतात. ते ओल्या कागदाने टिपा, हाताने नाही. कागद जाड वेष्टनात गुंडाळून टाका.

तुंबलेलं भोक

बाथरूमच्या भोकात बहुतेक वेळा केस आणि साबणाचा गोळा असतो. त्याला कुठलंही द्रावण फारसं हलवत नाही. प्लास्टिकचा लांब केबल टाय घ्या, कात्रीने दोन्ही कडांना तिरक्या चिरा द्या, माशाच्या काट्यासारख्या, आत घालून फिरवा आणि ओढा. जे बाहेर येईल ते बघवणार नाही. भांड्यांच्या बेसिनला प्लंजर लावताना ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथूनच निघून जातो. प्लास्टिकचे पाइप असतील तर खळखळतं पाणी ओतू नका, कडकडीत गरम पुरे.

ज्या युक्त्या मी सोडून दिल्या

टूथपेस्टने नळ चमकतो खरा, पण तो पेस्टमधल्या बारीक खरीचा गुण. चष्म्याच्या काचेवर किंवा प्लास्टिकवर तीच खर चरे पाडते. कोल्ड्रिंकने कमोड धुणं म्हणजे त्यातलं थोडंसं आम्ल वापरायला सोबत भरमसाट साखर ओतणं. लिंबूसत्व असताना कशाला? आणि व्हिनेगर फवारलं म्हणजे जंतू मेले असं मानू नका. घरात कोणी आजारी असेल, कच्चं मांस कापलं असेल, तर आधी साबणाने धुवा आणि मग खरं जंतुनाशक, लेबलवर लिहिलेली मिनिटं ओलं राहू देऊन.

शेवटी फडकी. रोज वापरलेली फडकी आणि घासणी साबणाच्या गरम पाण्यात धुवा. मायक्रोफायबरच्या फडक्यांना कपडे मऊ करायचं द्रावण घालू नका, तंतूंवर लेप बसून त्यांचं पाणी पिणंच थांबतं. आणि पिळून गोळा करून बादलीच्या काठावर टाकू नका, दोरीवर पसरा. कुबट वासाच्या फडक्याने पुसलेला ओटा दिसायला स्वच्छ असतो, नाक जवळ नेलं की कळतं.